कानसेनांच्या घटत्या उल्का

ही हकीकत कानसेन आता स्वतःच सांगतात, आणि दर वेळी स्वतःला आणखी थोडं मूर्ख करून सांगतात. त्यामुळे इथे उतरवताना मूर्खपणा थोडा कमी करून घेतला आहे. तरी तो पुरून उरतो.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात सगळे त्यांना तसं म्हणत, आधी चेष्टेने, मग सवयीने. त्यांना स्वतःला मात्र ती पदवी वाटे. त्यांचं काम गळती शोधण्याचं. जमिनीखाली पाच-सहा फुटांवर नळ फुटला तरी वर रस्ता कोरडाच दिसतो. पण फटीतून सुटणारं पाणी फिसफिसत असतं. कानसेन आपली पुरुषभर उंचीची पोलादी कांब रस्त्यावर टेकवत, वरच्या टोकाला बसवलेल्या लाकडी वाटीला कान लावत, डोळे मिटत, आणि चार पावलं पुढे, दोन मागे असं करत एके जागी थांबत. खिशातला खडू काढून तिथे फुली मारत. मग मुकादम आणि त्याची चार माणसं पहारी घेऊन ती जागा खणत आणि खाली पाणी लागे. सव्वीस वर्षांत कोरडे खड्डे फक्त तीन. तिन्ही खड्ड्यांची कारणं कानसेनांकडे तयार होती, आणि त्यातल्या एकाही कारणात त्यांचा कान येत नसे.

फुली मारली की मागे वळून पाहायचं नाही, ही त्यांची ऐट. हात झटकायचे, कांब खांद्यावर टाकायची आणि पुढच्या चौकाकडे चालू लागायचं. खाली पाणी लागलं का, हे विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. सूर्य उगवला का, म्हणून कोणी चौकशीला जातं का?

असा माणूस घरी आल्यावर तरी कानांना सुट्टी देईल असं बायकोला लग्नानंतर काही वर्षं वाटत होतं. मग मेहुण्याने घात केला. मेहुणा रेडिओ दुरुस्त करायचा. एका रविवारी तो एक जुना, जड, बऱ्याच बटणांचा रेडिओ घेऊन आला आणि म्हणाला, "भावजी, उल्का ऐकायच्यात का?"

"पाहायच्या असतात त्या," कानसेन म्हणाले.

"पाहायला अंधार लागतो, निरभ्र आकाश लागतं. ऐकायला काही लागत नाही. दिवसाढवळ्या, ढगांतूनसुद्धा."

मेहुण्याने समजावून सांगितलं ते असं. खूप लांबच्या एखाद्या केंद्राचे रेडिओ-संकेत आपल्यापर्यंत पोचत नाहीत, पृथ्वीची गोलाई मध्ये येते. पण वर शंभरेक किलोमीटरवर वाळूच्या कणाएवढी उल्का जरी जळाली, तरी तिच्या मागे क्षणभर एक तापलेली रेघ राहते. त्या रेघेवर आपटून लांबचा संकेत खाली येतो आणि रेडिओत एक शीळ वाजते. टुईं. रेघ विरली की शीळ संपली. एक शीळ म्हणजे एक उल्का.

अँटेनासाठी अॅल्युमिनियमच्या नळ्या हव्या होत्या. घरात तशा नळ्या पडद्यांना होत्या. त्या घरातले पडदे आजही सुतळीवर लटकतात, आणि येणारा पाहुणा त्याबद्दल विचारतो, आणि बायको दर वेळी "ह्यांना विचारा" म्हणून आत निघून जाते.

शीळ जाड ठेवायची की बारीक, हे रेडिओच्या एका बटणावर असतं. मेहुण्याने ती मध्यम लावून दिली होती. कानसेनांनी ती होता होईल तेवढी बारीक केली. खालच्या रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर जाड होती. बारीक शीळ तिच्यातून सुईसारखी वर निघे.

"ही सगळ्यांना ऐकू येणार नाही हं," मेहुणा म्हणाला.

"सगळ्यांसाठी लावलीच नाहीये," कानसेन म्हणाले, आणि कोणी हलवू नये म्हणून त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. हे वाक्य आणि ही पट्टी दोन्ही पुढे त्यांच्या अंगाशी आली.

तेव्हापासून रोज सकाळी साडेपाच ते साडेसहा, कामावर जाण्याआधी, कानसेन हेडफोन लावून बसू लागले. सकाळीच का, तर तेव्हा आपली बाजू पृथ्वीच्या धावण्याच्या दिशेला असते. पळणाऱ्या माणसाच्या तोंडावर चिलटं जास्त बसतात आणि पाठीवर कमी, तसं. शीळ आली की वहीत एक उभी रेघ, आणि चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. महिन्याच्या शेवटी आकडे उल्का-निरीक्षकांच्या मंडळाला पाठवायचे. मंडळाचे चिटणीस निवृत्त भूगोल शिक्षक होते. दोघांची कधी भेट नव्हती, पण पत्रं नेमाने चालत. मंडळातले बाकीचे अकरा निरीक्षक संगणकाकडून मोजून घेत. त्यांच्याबद्दल कानसेनांना दया वाटे. यंत्राला उल्का आणि शेजारच्या दिव्याचा खटका यांतला फरक कळतो थोडाच!

पहिल्या वर्षी तासाला सरासरी बेचाळीस उल्का आल्या. दुसऱ्या वर्षी सदतीस. तिसऱ्या वर्षी एकतीस. चौथ्या वर्षी चोवीस.

कानसेन काही बेसावध माणूस नव्हते. त्यांनी सगळं तपासलं. अँटेना उतरवून घासली. वायर बदलली. लांबच्या केंद्राने ताकद कमी केली असेल म्हणून केंद्राला पत्र लिहिलं. केंद्राने कळवलं की ताकद तेवढीच आहे आणि आपण आमच्या प्रसारणक्षेत्रात येत नाही. अँटेनावर बसणाऱ्या एका कबुतराला त्यांनी सहा महिने जबाबदार धरलं. कबुतर गेलं, उल्का परतल्या नाहीत. मेहुण्याच्या रेडिओवर संशय घेऊन झाला, मेहुण्यावर घेऊन झाला. सगळ्या बाजूंनी विचार करून अखेर ते एका निष्कर्षाला आले. दोष कुठेच नव्हता, म्हणजे दोष आकाशात होता.

त्यांनी चौदा पानांचा लेख लिहिला. नाव ठेवलं, 'आकाश ओस पडत आहे: एक इशारा'. बायको पोस्टात पत्रांच्या वर्गीकरणाला होती आणि वाईट अक्षर वाचण्यात तिचा हात कोणी धरला नसता, म्हणून लेख आधी तिला वाचायला मिळाला. ती मटार सोलता सोलता चौदाही पानं वाचून गेली.

"सगळ्यांच्याच उल्का कमी झाल्यात, की आपल्याच घरच्या?" तिने विचारलं.

"विज्ञानात असले प्रश्न विचारत नाहीत," कानसेन म्हणाले.

विज्ञानात नेमके असलेच प्रश्न विचारतात, हे त्यांना आठ दिवसांनी चिटणिसांच्या पत्रातून कळलं. पत्र चार ओळींचं होतं. लेख वाचला. भाषा चांगली आहे. इतर अकरा निरीक्षकांच्या उल्का चार वर्षांपूर्वी होत्या तेवढ्याच आहेत, आणि आकाश सगळ्यांचं एकच असल्यामुळे आपण आपल्या बाजूचं काही तपासावं. कधी दुसऱ्या कुणाला शेजारी बसवून मोजून पाहिलंत का?

"अकराच्या अकरा यंत्रं चुकतायत," कानसेन म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको ह्या आठवड्याच्या मटाराची सालं उचलत म्हणाली. "इथे तर तुम्ही अंगण सोडून थेट आकाशच वाकडं केलंत."

त्याच आठवड्यात खात्याचा एक फॉर्म आला. कांब वापरणाऱ्या माणसाने पंचावन्न पूर्ण होताना कानांचं प्रमाणपत्र द्यावं, नाहीतर त्याची बदली पाइपांच्या गोदामात होईल. कानसेनांना पुढच्याच महिन्यात पंचावन्न पूर्ण होत होती. गोदामात काय काम, तर पाइप आले की लिहायचे, गेले की खोडायचे. त्यांनी तो फॉर्म कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवला आणि म्हणाले, "मला कानांचं प्रमाणपत्र! उद्या माशाला पोहण्याचं मागतील." सगळे हसले. मुकादमही तिथे होता. तो हसला नाही, पण त्या दिवशी हे कानसेनांच्या ध्यानात आलं नाही.

चिटणिसांचं तोंड बंद करायला म्हणून त्यांनी रविवारी बायकोला शेजारी बसवलं. एकाच रेडिओला दोन हेडफोन लावले. ठरलं असं, की शीळ ऐकू आली की कानसेन वहीत रेघ मारतील आणि बायको बोट वर करील. बोलायचं नाही.

पहिली शीळ आली. रेघ पडली, बोट वर गेलं. दुसरी आली, रेघ आणि बोट. कानसेनांनी कौतुकाने मान हलवली. शिकतेय हळूहळू, असं त्यांना वाटलं. मग बराच वेळ शांतता होती, आणि त्या शांततेत बोट वर गेलं.

नाक खाजवायचं असेल, असं त्यांना वाटलं. पण बोट नाकाकडे गेलं नाही. वर जाऊन खाली आलं. थोड्या वेळाने पुन्हा वर गेलं.

त्यांनी हेडफोन काढला. "अगं, हा खेळ नाहीये."

"मी कुठे खेळतेय? आत्ता वाजली की! छोटीशीच होती."

"वाजली?"

"हो. तुम्हाला नाही आली?"

त्यांनी हेडफोन पुन्हा लावला. कान टवकारले, श्वास रोखला, सव्वीस वर्षांची सगळी विद्या पणाला लावली. बोट वर गेलं. हेडफोनमध्ये नुसती खरखर होती. तासभर असं चाललं. शेवटी कानसेनांच्या रेघा झाल्या बावीस आणि बायकोची बोटं एकोणचाळीस. सतरा वेळा ते बोट त्यांच्यासमोर उठलं होतं आणि त्यांच्या कानांत काहीही झालं नव्हतं.

त्यांना भीती वाटली. साधी भीती. आकाश ओस पडतंय म्हणून चौदा पानं लिहिताना त्यांना अशी भीती वाटली नव्हती. आता उल्कांचा प्रश्न उरलाच नव्हता. ज्या कानांनी ती शीळ ऐकली नाही, तेच कान सोमवारी रस्त्यावर टेकवायचे होते.

बायकोने हेडफोन काढून ठेवला आणि ती चहा टाकायला गेली. 

कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे ते उल्कांची वही घेऊन गेले, कारण रिकाम्या हाताने अपमान करून घ्यायची त्यांना सवय नव्हती. बाईंनी त्यांना एका छोट्या खोलीत बसवून हेडफोन दिला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. बाहेर आल्यावर एक आलेख दाखवला. रेघ बराच वेळ सरळ चालली होती आणि मग जिना चुकल्यासारखी खाली आली होती. जाड आवाज ठीक, बारीक आवाज गेलेले. वयानुसार जातात, हळूहळू जातात, म्हणून माणसाला कळत नाही, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी वही चाळली. पानामागून पान, रोजचा तोच तास, तीच शीळ, बेचाळीस, सदतीस, एकतीस, चोवीस. बाईंना हसू आवरेना.

"माफ करा हं. पण बायकोने ओढून आणलेले पेशंट मी रोज बघते. आपलं ऐकू येणं कमी होतंय हे चार वर्षं रोज तासभर मोजून, लिहून, वर तारखा घालून आणणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय. आणि तरी तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं, आकाशाचं काहीतरी बिघडलंय," कानसेन म्हणाले. आता सांगताना ते इथे थांबतात आणि ऐकणाऱ्याला पोटभर हसू देतात.

खात्याच्या फॉर्मवर दोनच प्रश्न होते. बोलणं ऐकू येतं का? येतं. तीन हातांवरून कुजबुज ऐकू येते का? येते. बाईंनी 'योग्य' असं लिहून सही केली. "तुमच्या कामाला कोणता आवाज लागतो, हे फॉर्मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "मलाही नाही. ते तुम्हालाच ठाऊक."

घरी आल्यावर त्यांनी रेडिओच्या बटणावरची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली आणि बटण थोडं डावीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शीळ जाड होऊन आली. टुईंची टूं झाली. त्या तासात बायकोची बोटं एक्केचाळीस आणि कानसेनांच्या रेघा चाळीस. चार वर्षं ओस पडत चाललेलं आकाश बोटभर वळणाने पुन्हा भरलं. कानसेन एकटेच इतके हसले की बायको घाबरली. त्यांनी चिटणिसांना लिहिलं, की लेख छापूच नये, आणि छापायचाच असेल तर नाव बदलून 'एका निरीक्षकाचे कान ओस पडत आहेत: एक कबुली' असं करावं.

पण कामावर जाताना हसू ओसरलं. खिशात 'योग्य' लिहिलेला कागद होता. कोणी विचारणार नव्हतं. गोदाम टळलं होतं, कांब राहिली होती. आणि चालता चालता त्यांना सारखं वाटत होतं, की रेडिओची शीळ आपण जाड करून घेतली, पण पाणी किती बारीक फिसफिसणार हे पाणीच ठरवतं. तिथे कोणतं बटण फिरवायचं?

त्या दिवशीची गळती एका छापखान्यासमोर होती. कानसेनांनी कांब टेकवली, वाटीला कान लावला. फिसफिस ऐकू येत होती. चार पावलं पुढे, दोन मागे. कुठे जास्त, कुठे कमी, हे नेहमीसारखंच कळल्यासारखं वाटलं. त्यांनी फुली मारली, हात झटकले, कांब खांद्यावर टाकली आणि चालू लागले. कोपऱ्यापर्यंत गेले. मग त्यांनी सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. मागे वळून पाहिलं.

मुकादम फुलीजवळ गुडघे टेकून बसला होता. त्याने आपली पहार रस्त्यावर उभी धरली होती आणि तिच्या टोकाला कान लावला होता. चार माणसं बाजूला गप्प उभी होती. कोणाला त्यात नवल वाटत नव्हतं. मुकादमाने पहार थोडी सरकवली, पुन्हा कान लावला, मान हलवली. मग बुटाने फुली पुसली आणि खिशातल्या विटेच्या तुकड्याने दीड फूट बाजूला दुसरी फुली काढली.

कानसेन परत आले. मुकादम त्यांना बघून उठला. त्याच्या गुडघ्यांना धूळ लागली होती, ती त्याने झटकली नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"होतील दोन वर्षं, दादा."

"किती फुल्या?"

"मोजल्या नाहीत. तुमच्यासारखी मोजायची सवय नाही मला."

"सांगितलं का नाहीस?"

मुकादम अवघडला. "त्यात काय सांगायचं? इतकी वर्षं तुमच्या फुलीवर पहार मारली, पाणी लागलं. आता दीड फूट बाजूला लागतं. पाणी लागतंय ना?"

कोरड्या खड्ड्यांचा तीनचा आकडा ते जिथे तिथे मिरवत होते. गेली दोन वर्षं तो आकडा हा माणूस गुडघ्यांवर बसून राखत होता, आणि ते पुढच्या चौकात ऐटीत उभे राहत होते. लाज वाटली. आणि त्या लाजेखाली मुकादमाबद्दल इतकी माया दाटून आली, की त्यांनी उगाचच त्याला खडसावलं, "आणि विटेने कसली फुली काढतोस? खडू माग ना खात्याकडून!"

दुपारी ते मुकादमाला घेऊन खात्याच्या इंजिनिअरबाईंच्या टेबलासमोर उभे राहिले. बाईंनी कागद पाहिला. "तुमचं प्रमाणपत्र तर आहे की. सगळं योग्य आहे."

"कागद योग्य आहे, बाई. मी नाही," कानसेन म्हणाले आणि उल्कांची वही त्यांच्यापुढे ठेवली. "हे माझ्या कानांचं खरं प्रमाणपत्र. चार वर्षांचं आहे. जरा लांबलंय." मग त्यांनी पहारीची गोष्ट सांगितली, बुटासकट, विटेच्या तुकड्यासकट. मुकादम मध्येच "तसं काही नाही" म्हणू लागला, तेव्हा त्यांनी त्याला गप्प केलं. "कांब ह्याच्याकडे द्या. ह्याचा कान माझ्यापेक्षा दीड फूट बरा आहे."

बाईंनी ऐकून घेतलं. कांब मुकादमाला मिळाली आणि कानसेनांना गोदाम. फक्त पहिला महिना सकाळी त्यांनी मुकादमाबरोबर फिरायचं ठरलं, कारण कान असला तरी कोणता आवाज गळतीचा आणि कोणता बाजूच्या झडपेचा, हे अजून त्याला शिकायचं होतं.

पहिल्या सकाळी ते एका शाळेच्या भिंतीलगतच्या गल्लीत गेले. कांब मुकादमाच्या खांद्यावर होती आणि ती त्याला जड वाटत असावी, कारण तो वाकडा चालत होता. कानसेनांचा खांदा रिकामा होता. पुन्हा पुन्हा त्यांचा हात तिकडे जात होता. मुकादमाने कांब टेकवली, कान लावला, डोळे मिटले. पुढे, मागे. कानसेन बाजूला उभे राहून त्याचा चेहरा बघत होते, जसं रविवारी बायकोचं बोट बघत होते.

मुकादम थांबला. खिशात हात घालून त्याने खात्याचा नवा खडू काढला आणि तो कानसेनांपुढे धरला.

"फुली तुम्ही मारा, दादा. तुमच्यासारखी सरळ येत नाही मला."

कानसेन वाकले आणि त्याने दाखवलेल्या जागी फुली मारली. चार माणसांच्या पहारी चालू झाल्या. मुकादम पुढच्या चौकाकडे बघत उभा होता. सवयीने वाट बघत होता की आता दादा निघतील. दादा निघाले नाहीत. खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. दोन फुटांवर माती ओली झाली, चार फुटांवर चिखल झाला, आणि मग खालून गढूळ पाणी वर आलं आणि त्यांच्या बुटांवर उडालं. सव्वीस वर्षांत आपल्या फुलीखालचं पाणी कानसेनांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.